नवी बॅटरी टाकूनही व्होल्टेज कमी येतंय? डायनामो उतरवायच्या आधी तारा तपास

भावा, ९८ ची मारुती ८००, बॅटरी नवी, तरी रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की लायटरच्या सॉकेटमधला मीटर १२.१ दाखवतोय आणि मेकॅनिक म्हणतोय डायनामो बदला. जरा थांब. तू दिलेल्या आकड्यावरून डायनामो गेला असं म्हणताच येत नाही, कारण तो आकडा घेतलास ती जागाच भरवशाची नाही. त्या सॉकेटपर्यंत करंट इग्निशन स्विच, फ्यूज, पंचवीस वर्षांचे जुने कपलर (तारांचे जोड) हे सगळं ओलांडून येतोय, वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट सहज गळतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घे, डीसी २० व्होल्टवर ठेव आणि बॅटरीवरच मोज. प्रोब क्लॅम्पवर नको, मधल्या शिश्याच्या खुंटीवर टेकव. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी १२.६ आला तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, त्याखाली असेल तर आधी बाहेर चार्ज करून आण, नाहीतर पुढची सगळी रीडिंगं फसवतील. मग गाडी चालू करून रेस थोडी वाढव, १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. आयडलला हेडलाइट-ब्लोअर लावून १३ च्या आसपास आलं तर घाबरू नको, छोटा डायनामो कमी फेऱ्यांत तेवढंच देतो, पण २००० आरपीएमला ते साडेतेराच्या वर चढलंच पाहिजे.

नसेल चढत, तर आता खरं काम. हेडलाइट, ब्लोअर चालू ठेव, कुणालातरी रेस धरायला बसव. लोड नसताना ही टेस्ट करून काही कळत नाही, करंट वाहिल्याशिवाय खराब जोड दिसतच नाही. लाल प्रोब डायनामोच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टला, काळा बॅटरीच्या प्लसच्या खुंटीला. पाव व्होल्टपर्यंत ठीक, त्यावर गेलं तर ती तार, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) किंवा मेन फ्यूज व्होल्टेज खातोय. मग लाल प्रोब डायनामोच्या बॉडीला आणि काळा बॅटरीच्या मायनसला. इथं ०.१, फार तर ०.२.

लोक ही दुसरी टेस्ट करतच नाहीत आणि दुखणं बऱ्याचदा तिथंच असतं. एका ओम्नीत मी इथं ०.९ बघितलाय. अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून इंजिन-बॉडीला जाणारी जाड तार, वरून एकदम ठणठणीत दिसत होती, बोल्टही घट्ट, पण हातानं पट्टी हलवली की मीटर ०.९ वरून ०.४ आणि परत वर. लगजवळचं रबर कापलं तर आत तांब्याच्या निम्म्या तारा तुटलेल्या आणि उरलेल्यांवर हिरवी भुकटी. आपल्याकडं गगनबावडा, राधानगरीकडं पावसाळाभर गाडी फिरते, वर सर्व्हिसिंगला खालून प्रेशरनं पाणी मारतात, ते पाणी लगमध्ये शिरून बसतं. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे जंपर केबल असेल तर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लाव. व्होल्टेज लगेच वर गेलं तर अर्थिंगच, डायनामोला हात लावू नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाड केबलला नीट क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) लग लावून पट्टी बनवून मिळते, फक्त गाडीच्या बॉडीवर बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू काढ, बोल्ट घट्ट झाला की वरून ग्रीस लाव. आणि काम करताना बॅटरीची मायनस आधी काढायची, जोडताना शेवटी.

दोन्ही टेस्ट चांगल्या आल्या आणि डायनामोच्या बोल्टवरच १३ च्या खाली आहे, तर मग डायनामो. तरी अख्खा नवा घ्यायची घाई नको. आधी पट्टा बघ, ढिला किंवा चकाकत असेल तर लोडला घसरतोय. चावी ऑन केल्यावर डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का तेही बघ, काही गाड्यांत तो बल्ब उडाला तर डायनामो नीट उठतच नाही. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून चालू गाडीत बॅटरीवर मोज, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायनामोतल्या एसीचा डीसी करणाऱ्या डायोडची शंका. कार्बन (डायनामोतले ब्रश) झिजलेत की व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय हे उघडल्यावर कळतं आणि ते सुटे बदलून मिळतात.

एक मात्र कुणालाही करू देऊ नको: चालू गाडीत बॅटरीची तार काढून डायनामो बघायचा. लई जुनी सवय आहे ही, पण बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं, रेग्युलेटर, डायोड आणि एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनची) गाडी असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो.

आणि बल्ब कुठले आहेत ते लिहिलं नाहीस. कंपनीचे ६०/५५ (हाय बीम/लो बीमचे वॅट) असतील तर लो बीमला दोघांचे मिळून ११० वॅट, पण कुणी १००/९० टाकले असतील तर तेच १८० होतात, म्हणजे १५ अँपियर नुसत्या लाइटला, तेही जुन्या स्विचमधून. तसं असेल तर आधी बल्ब कंपनीचे कर आणि रिले (जुन्या स्विचऐवजी बॅटरीवरून थेट बल्बला करंट सोडणारा स्विच) टाक, व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी उजेड साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळं बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचलं की ५५ वॅटचाही उजेड भरपूर पडतो.

सकाळचं रीडिंग, २००० आरपीएमचं रीडिंग आणि प्लस आणि मायनस बाजूचे ड्रॉप (वरच्या दोन टेस्टमध्ये मीटरवर आलेले आकडे) एवढे चार आकडे कळव, मग पुढं बघू.