निरनिराळ्या देशांतील अनोळखी संगीतप्रेमींबरोबर दोन दिवस डोंगर चालायला जावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या आवडीतून ज्यांच्याशी आजवर केवळ लिखापढीतून ओळख झाली, अशा निरनिराळ्या देशांतील दहा-बारा मंडळींनी इंग्लंडमध्ये शनिवार-रविवार पायी फिरण्याचा बेत आखला आहे आणि आपल्यालाही बोलावले आहे, पण स्वरलिपी वाचता येत नाही, चालण्याची सवय सुटली आहे आणि बरोबरचे सगळे परके, तेव्हा जावे की जाऊ नये? माझे उत्तर असे आहे की, जरूर जावे. मी स्वतः अशा एका फिरतीला गेले होते, आणि जाण्यापूर्वी माझ्या मनात जवळजवळ ह्याच तीन शंका होत्या.

मी पुण्यात वाढले आणि गेली अठरा वर्षे बर्मिंगहॅमजवळ राहते. वडिलांच्या कपाटात ख्यालगायनाच्या ध्वनिफितींच्या रांगेत एकच पाश्चात्य ध्वनिफीत होती. इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार ह्यांचा चेलो कन्चेर्टो, म्हणजे चेलो ह्या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यासाठी वाद्यवृंदाच्या साथीने केलेली रचना, चेलोवादक जॅकलिन दु प्रे ह्यांनी १९६५ साली वाजवलेली, त्या फितीवर होती. चेलोच्या पहिल्या चार-पाच सुरांतच सगळे काही सांगून टाकणारी ती रचना मी अर्थ न कळता शेकडो वेळा ऐकली होती. पुढे एल्गारच्या चाहत्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातूनच पश्चिम इंग्लंडमधील मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर चालण्याचे ठरले. आम्ही अकरा जण होतो आणि ते सात देशांतून आले होते.

जागा कोणती निवडली आहे, ते आधी विचारून घ्या, असे मी सुचवीन, कारण अशा फिरतीचा अर्धा आनंद जागेवर अवलंबून असतो. ज्या संगीतकारासाठी जमायचे, त्याच्याच पायाखालची वाट असेल, तर बोलायला विषय शोधावा लागत नाही. एल्गारचा जन्म २ जून १८५७ रोजी वूस्टरजवळच्या ब्रॉडहीथ गावी एका पियानो जुळवणाऱ्याच्या घरात झाला. कोणत्याही संगीतविद्यालयात न जाता तो बहुतांशी स्वतःच शिकला आणि त्याच्या उमेदीची कितीतरी वर्षे ह्याच टेकड्यांच्या पायथ्याशी गेली. ही डोंगररांग उत्तर-दक्षिण अशी जेमतेम १३ किलोमीटर लांब आहे, सर्वांत उंच माथा, वूस्टरशर बीकन, ४२५ मीटरांचा आहे, आणि लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून किंवा बर्मिंगहॅमहून आगगाडी थेट ग्रेट मॉल्व्हर्नला येते. सिंहगडाची वाट ज्याने एकदा चढली आहे, त्याला इथला चढ जड जाणार नाही.

शनिवारी सकाळी आम्ही गावातून पायऱ्यांच्या वाटेने सेंट ॲन्स वेल ह्या झऱ्यापाशी आलो, तिथे बाटल्या भरल्या आणि बीकनवर चढलो. माथ्यावर एक दगडी चबुतरा आहे आणि त्यावर कोणत्या दिशेला कोणता डोंगर, कोणते गाव दिसते, हे कोरलेली धातूची तबकडी आहे. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली, त्या १८९७ सालचे हे काम, आणि त्याचा आराखडा केला होता मॉल्व्हर्नच्याच आर्थर ट्रॉइट ग्रिफिथ ह्या वास्तुशिल्पीने. एल्गारच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’मध्ये, म्हणजे एकच धून घेऊन चौदा तुकड्यांतून घरच्यांची, मित्रांची आणि शेवटी स्वतःची स्वभावचित्रे रंगवणाऱ्या १८९९ सालच्या रचनेत, सातवा तुकडा ह्याच ट्रॉइटचा आहे. त्याला पियानो शिकवण्याचा एल्गारने खटाटोप केला, तो काही जमला नाही, आणि त्या धडपडीची ओबडधोबड लय नगाऱ्यांत आणि खालच्या पट्टीतल्या तंतुवाद्यांत आली. हे दोघे फिरायला गेले असताना वादळी पावसात सापडले आणि त्यांनी नॉर्बरी भगिनींच्या घरी आसरा घेतला, असेही सांगतात. त्यानंतरचा आठवा तुकडा त्याच घरचा आहे, संथ आणि निवांत.

स्वरलिपीविषयीची आपली शंका माझ्यापुरती त्या चबुतऱ्यापाशी मिटली. जर्मनीहून आलेल्या एका परिचारिकेने डब्याच्या झाकणावर बोटांनी ट्रॉइटच्या नगाऱ्याचा ठेका धरला, दुसऱ्या कोणी वरची धून गुणगुणायला सुरुवात केली आणि दोन आवर्तनांतच दोघांची फारकत झाली. दोघेही स्वरलिपी उत्तम वाचणारे, तरी पुन्हा पुन्हा तेच होत होते. मी काही न बोलता हातावर मात्रा मोजत टाळी धरली, जशी लहानपणी गाण्याच्या शिकवणीत धरायला लावत तशी, आणि त्या टाळीच्या आधाराने तिसऱ्या खेपेस ते दोघे एकत्र शेवटापर्यंत पोचले. ह्या तुकड्याला स्वरलिपीत ‘एकास एक’ अशी तालखूण दिलेली आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. आणि टाळी न देता नुसता हात बाजूला न्यायचा ती खाली कशासाठी, हे त्यांनी माझ्याकडून विचारून घेतले. आपण जे ऐकत वाढलो, ते सोडून जाण्याची काहीच गरज नाही. तिथे आपली तीच शिदोरी असते.

आता एक चूक सांगते, कारण ती आपल्याला टाळता येण्यासारखी आहे. बीकनवरून दक्षिणेला उतरल्यावर वाइच नावाच्या खिंडीत रस्ता ओलांडावा लागतो आणि मग पुन्हा माथ्यामाथ्याने वाट जाते. तिथे धुके उतरले. आमच्यातले चपळ पाच-सहा जण गप्पांच्या भरात पुढे गेले, आणि जपानहून आलेले एक सत्तरीचे निवृत्त शिक्षक, ज्यांचा गुडघा उतारावर दुखत होता, मागे राहिले. मी त्यांच्याबरोबर थांबले. पुढच्यांना वाटले, आम्ही मधल्या कोणाबरोबर आहोत. मधल्यांना वाटले, आम्ही पुढे गेलो. पाऊण तास आम्ही दोघे पांढऱ्या धुक्यात मेंढ्यांच्या घंटेसारखा काही आवाज येतो का, ते ऐकत, वाट सोडायची नाही एवढे ठरवून हळूहळू चालत राहिलो. वाट कड्याकपारीची नसल्याने धोका फारसा नव्हता, पण परक्या देशात, दुखऱ्या गुडघ्याने, आपण मागे सोडले गेलो आहोत, हे त्या सभ्य गृहस्थांच्या चेहऱ्यावर दिसत होते आणि ते मला आजही टोचते. सगळे भेटल्यावर ठरले की, सर्वांत हळू चालणाऱ्याने सर्वांत पुढे चालायचे आणि प्रत्येक वळणावर माणसे मोजायची. हे पहिल्याच पावलाला ठरले पाहिजे होते. आपल्या मंडळींना आधीच लिहून कळवा, आणि कोणी ते बालिश समजले तरी आग्रह सोडू नका.

त्या धीम्या चालीतच आमची खरी ओळख झाली. समोरासमोर बसलेली माणसे संगीतावर बोलू लागली की, कोणते ध्वनिमुद्रण श्रेष्ठ, ह्यावर गाडी लवकर येते आणि मग जाणकार बोलतात, बाकीचे ऐकतात. चालताना नजर वाटेवर असते, मध्ये गप्प राहिले तरी कोणाला खटकत नाही, आणि जे बोलायला धीर लागतो, ते सहज बोलले जाते. आयर्लंडहून आलेल्या एका बाईंनी मला सरळ विचारले की, ज्या माणसाच्या सुरांवर साम्राज्याचे गौरवगीत उभे राहिले आणि ज्याने १९११ च्या दिल्ली दरबारानंतर १९१२ साली लंडनच्या रंगमंचासाठी ‘द क्राउन ऑफ इंडिया’ लिहिले, त्याच्यावर तुम्ही भारतीय असून जीव कसा लावता? हा प्रश्न मला घरी बैठकीत कोणी विचारला असता, तर मी कदाचित रागावले असते. तिथे मात्र मी बराच वेळ गप्प चालत राहिले आणि मग मला जे वाटते, ते सांगितले: ते दरबारी संगीत मला परके वाटते आणि मी ते ऐकत नाही, पण महायुद्ध संपल्यावर १९१९ साली लोकांपुढे आलेल्या चेलो कन्चेर्टोत मला विजयाचा मागमूस ऐकू येत नाही, तिथे सगळे गमावलेला एक माणूस एकटा गातो, आणि त्याला मी परका म्हणू शकत नाही. त्यांनी आपल्या आजोबांच्या काळातल्या आयर्लंडबद्दल सांगितले. आमचे एकमत झाले नाही. तरीही आज त्या मंडळींपैकी सर्वाधिक पत्रे मी त्यांनाच लिहिते.

रांगेच्या दक्षिण भागात ब्रिटिश कॅम्प हा ३३८ मीटर उंचीचा प्राचीन डोंगरी किल्ला आहे. आपल्याकडच्यासारखे बुरूज आणि तट इथे नाहीत. माथ्याभोवती मातीचे बांध आणि खंदक पायऱ्यांसारखे कोरून काढलेले आहेत. ह्याच डोंगराकडे पाहून एल्गारच्या आईने, ह्याच्यावर काहीतरी लिही, असे त्याला सुचवले आणि त्यातून १८९८ साली, रोमनांशी लढलेल्या प्राचीन ब्रिटिश सरदारावरची, ‘कॅरॅक्टॅकस’ ही समूहगायनाची मोठी रचना झाली. त्याच्या पायथ्याशी विंड्स पॉइंट इथे स्वीडनची प्रख्यात गायिका जेनी लिंड हिचे घर होते. १८८७ साली ती तिथेच वारली आणि ग्रेट मॉल्व्हर्नच्या दफनभूमीत तिची समाधी आहे. आमच्यातला स्वीडिश तरुण रविवारी पहाटे एकटाच तिथे जाऊन आला.

तिथून उतरून लिटल मॉल्व्हर्नच्या सेंट वुल्स्टन चर्चच्या आवारात गेलो. एल्गार आणि त्याची पत्नी ॲलिस तिथे एकाच समाधीत आहेत. ती १९२० साली गेली, तो १९३४ साली. ॲलिसचा जन्म १८४८ साली कच्छमधील भूज इथे झाला होता. तिचे वडील मुंबई लष्करात अधिकारी होते. सर्वांना ते वाचून ठाऊक होते, पण भूज हे नकाशावरचे एक टिंब होते. मला विचारल्यावर मी तिथले रण, तिथले भरतकाम आणि २६ जानेवारी २००१ चा भूकंप ह्यांविषयी सांगितले, आणि ती मंडळी त्या लहानशा दगडापाशी उभी राहून माझे ऐकत राहिली. संगीतलेखनाचे आखीव कागद विकत घेणे परवडत नसे, त्या दिवसांत ॲलिस साध्या कागदांवर पाच-पाच रेघा स्वतः आखून देत असे, हे जपानी शिक्षकांनी सांगितले. पट्टी धरून पानामागून पान आखणारी ती बाई मला तिथे कोणत्याही सुरावटीपेक्षा स्पष्ट दिसली.

एल्गारने अखेरच्या आजारात चेलो कन्चेर्टोतली धून एका मित्राला गुणगुणून दाखवली आणि, मी गेल्यावर मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर ही शीळ ऐकू आली तर घाबरू नका, तो मीच असेन, अशा अर्थाचे काही म्हटले, असे प्रसिद्ध आहे. सकाळी कोणीतरी बरोबर आणलेल्या लहान ध्वनिक्षेपकावर नेमकी तीच धून डोंगरावर लावायची, असे सुचवले होते आणि बहुमताने ते नाकारले गेले होते. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. डोंगर इतरांचाही असतो. शिवाय वाऱ्यात यंत्राचा आवाज चिरका होतो, आणि न वाजवलेली धून दिवसभर प्रत्येकाच्या मनात ज्याच्या त्याच्या लयीत चालू राहते. ऐकायचे ते आम्ही रात्री मुक्कामी ऐकले, बूट काढून, दमलेल्या पायांनी, आणि त्या रात्री कोणत्याही ध्वनिमुद्रणाची कोणी तुलना केली नाही.

दुसऱ्या दिवसाचे फार सांगत नाही: वूस्टरहून ब्रॉडहीथपर्यंत सुमारे ५ किलोमीटर सपाटीवरून चाललो आणि जन्मघर पाहिले. ते आता नॅशनल ट्रस्ट ह्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. एल्गारची इतर घरे खासगी आहेत. मॉल्व्हर्न वेल्समधील ‘क्रेग ली’ ह्या घराचे नाव त्याने आडनावाची अक्षरे आणि पत्नी, मुलगी व स्वतः ह्यांची आद्याक्षरे उलटसुलट करून बनवले होते, म्हणून ते पाहण्याचा मोह होतो. पण रस्त्यावरूनच पाहावे, कोणाचे दार वाजवू नये.

राहता राहिली सवयीची बाब. शनिवारचे आमचे चालणे चढउतारासह सुमारे १० किलोमीटरांचे होते आणि त्याला थांबत थांबत सहा तास लागले. आपल्या हातात दीड-दोन महिने असतील, तर आठवड्यातून तीन वेळा तासभर चाला आणि एकदा तरी जवळच्या टेकडीवर चढउतार करा. बूट नवे घेणार असाल तर ते आजच घ्या आणि तेच घालून सराव करा, कारण आमच्यात ज्यांच्या टाचा सोलल्या, त्या दोघांचेही बूट आदल्या आठवड्यातले होते. पावसाळी अंगरखा उन्हाळ्यातही लागतो. कागदी नकाशा निदान दोघांजवळ असावा. ह्या भागाचा नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे ह्या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतील १९० क्रमांकाचा आहे. मुक्कामाची खोली वेगळी हवी असेल, तर संकोच न करता आधीच तसे कळवा. आणि डब्यात थालीपीठ असू द्या. माझी आठ थालीपिठे बीकनच्या माथ्यावर दहा मिनिटांत संपली आणि त्यांची कृती मला सात देशांतल्या मंडळींना लिहून पाठवावी लागली.