‘हिला कामच नको असतं’ आणि टीएसएच ११.८

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, वर्षभर थकवा, दूध उतू जातं, मुलाच्या शाळेची मीटिंग विसरलीस, बोलता बोलता शब्द सापडत नाही, कारण नसताना रडू येतं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ११.८ म्हणजे वाढलेलं, फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं) बरंच वाढलेलं. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी दिली, तिला तीन आठवडे झाले आणि फरक काहीच नाही. सासूबाईंचं म्हणणं ‘हिला कामच नको असतं’ (त्या स्वतः बारा महिने शाल पांघरून बसतात हे तूच लिहिलंयस). चुलत दीर म्हणतात गोळीची सवय लागते, ती बंद कर आणि धण्याचं पाणी पी. आणि तुला भीती ही, की मेंदू कायमचा गेला की काय.

ताई म्हणालीस म्हणून एकेरीवर येते. मी डॉक्टर नाही. सांगलीकडच्या एका बँकेत कॅश काउंटरवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. थायरॉइडची गोळी २००७ पासून घेते. गोळी बंद करू नकोस. धण्याचं पाणी आवडत असेल तर पी, पण गोळीच्या जागी नको. आणि मेंदू गेलेला नाही. मोठ्या माणसात हे जवळजवळ नेहमी भरून येतं, फक्त वेळ घेतं.

माझं सांगते. नोटांचं बंडल मोजताना मी सत्तावन्न-अठ्ठावन्नला पोचले की आकडा हातून सुटायचा. परत पहिल्यापासून. वीस वर्षं जे काम बोटं आपोआप करत होती, ते डोळे वटारून करावं लागायला लागलं. संध्याकाळी कॅश जुळेना म्हणून दोनदा पदरचे पैसे भरले. मे महिन्यात शेजारच्या टेबलावरच्याला मी पंखा बंद करायला सांगायची. आवाज इतका घोगरा झाला की फोनवर लोक मला ‘साहेब’ म्हणू लागले. अंगठी निघेना, चेहरा सुजल्यासारखा. घरी सगळ्यांचं निदान ठरलेलं: आळस, वय, आणि ‘हल्ली हिचा स्वभावच बदललाय’.

या आजाराची हीच खोड. ताप आला तर माणूस आजारी दिसतो. थायरॉइड कमी पडला की माणूस आळशी दिसतो, रडका दिसतो, बावळट दिसतो. महिन्या-महिन्यानं इतकं हळूहळू होतं की आपल्यालाही पटतं, आपण असेच आहोत. पहिल्या डॉक्टरांनी मला आठ महिने झोपेच्या आणि मन शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासलंच नाही. मग एका म्हाताऱ्या फिजिशियननी मला खुर्चीवर गुडघे टेकून उलटं बसवलं, तळपाय मोकळे लोंबते ठेवले आणि टाचेमागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत यायला वेळ लागला. सावकाश, गुडघे दुखणारी बाई जिना चढते तसं. ते हसले, म्हणाले, ‘तुमचं पाऊलसुद्धा विचार करतंय.’ रिपोर्टात टीएसएच ८६ आलं.

आता आतला प्रकार. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या घाटीखाली वीसेक ग्रॅमची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती मुख्यतः टी-४ बनवते, म्हणजे आयोडिनचे चार अणू असलेलं संप्रेरक. पेशी त्यातला एक अणू काढून टी-३ करतात आणि खरं काम टी-३ करतं. मेंदू तर आपल्याला लागणारं बरंचसं टी-३ जागेवरच करून घेतो, त्याच्या आधारपेशींमध्ये. म्हणून रक्तात टी-४ कमी पडलं की डोक्यालाही चणचण भासते: लक्ष लागत नाही, आठवण उशिरा येते, दोन कामं एकदम जमत नाहीत, मन खाली जातं. टीएसएच मात्र थायरॉइडचं नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं, मुकादमाची हाक समज. मजूर हलत नाही म्हणून मुकादम जास्त ओरडतो. ‘टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड जास्त झाला’ असं समजून परस्पर गोळी सोडणारे मी किती तरी पाहिलेत. ते बरोबर उलटं आहे.

बाकी अंगालाही तीच मंदी: बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, पाळीला जास्त रक्तस्राव, नाडी मंद, कोलेस्टेरॉल वर, हाताला मुंग्या. वजनाबद्दल मात्र स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. थायरॉइडमुळे वाढणारं वजन बहुधा चार-पाच किलोच्या आतलं, आणि त्यातही पाणी-मिठाचा वाटा मोठा. वीस किलोचा दोष थायरॉइडच्या माथी मारून आपण स्वतःचीच फसवणूक करतो. मीही केली.

तुझं अँटी-टीपीओ वाढलेलं आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर चाल करून गेली आहे. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतोचा आजार. तू एकटी नाहीस. मुंबई आणि गोवा धरून भारतातल्या आठ ठिकाणची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत तपासलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ ११ टक्क्यांना थायरॉइडची कमतरता होती. एके काळी आपल्याकडे प्रश्न आयोडिनचा होता. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉक्टर-संशोधक रामलिंगस्वामींनी काम केलं, आयोडिनयुक्त मिठानं गलगंड कमी होतो हे दाखवलं, तेव्हा कुठे ते मीठ देशभर पोचलं. आता सैंधवाची फॅशन आलीय. उपासाला खा, पण रोजच्या भाजी-आमटीत आयोडिनवालंच मीठ असू दे. आणि हाशिमोतोवाल्यांनी वरून आयोडिनच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्यानं बिघडूही शकतं.

डोक्याच्या भीतीबद्दल. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली १४ रुग्णांची हकीकत छापली. थायरॉइडच्या तीव्र कमतरतेमुळे भ्रम, संशय, वेडसरपणा, इथपर्यंत गेलेली ही माणसं. थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यांतले बहुतेक ताळ्यावर आले. तेव्हापासून म्हातारपणी विसराळूपणा वाढला किंवा नैराश्य आलं की टीएसएच बघायचं असा शिरस्ता पडलाय. ११.८ ला तू त्या टोकाच्या जवळपासही नाहीस. त्याही आधी, १८९१ मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काची इंजेक्शनं दिली. पुढे अर्क चालू ठेवून ती बाई २८ वर्षं जगली. तुझ्या चुलत दिरांना हे सांग. सवय लागते म्हणे! जे शरीर बनवत नाही ते बाहेरून देतोय, चष्म्याची जशी सवय लागते तशी ही लागते.

तीन आठवडे फार थोडे झाले. या गोळीचा अंश निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायचं, आधी केलंस तर पैसे वाया. बहुतेकांचा डोस एक-दोनदा बदलावा लागतो. माझं आधी पोट सुधारलं, मग थंडी गेली, सूज उतरली. केस तर सुरुवातीला आणखी गळले, सहा महिन्यांनी थांबले. डोकं सगळ्यात शेवटी. चौथ्या महिन्यात एका दुपारी मी बंडल मोजलं, रबर लावलं, पुढचं उचललं, आणि मग लक्षात आलं की आपण शंभरपर्यंत न अडखळता गेलो.

गोळी कशी घेतेस ते लिहिलं नाहीस, आणि घोळ तिथेच असतो. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास, जमलं तर तास, काही नाही. चहासुद्धा नाही. मराठी घरात याहून कडक पथ्य नाही, मला कल्पना आहे. मी गोळी उशाशी ठेवते, पहाटे पाण्याला उठले की घेते. नाहीच जमलं तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी चालते, डॉक्टरांना सांगून. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. एखादा दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. बाटली ओट्यावर शेगडीजवळ ठेवू नकोस. थायरॉइडला कोबी-फ्लॉवर वर्ज्य असं कुणी म्हणालं तरी शिजवलेला खुशाल खा.

आणखी एक, हे फार कमी लोक सांगतात. २०१९ मध्ये माझं टीएसएच अचानक ०.०५ आलं आणि टी-४ वाढलेलं. डॉक्टर डोस अर्धा करायला निघाले होते. मग पेन खाली ठेवून म्हणाले, ‘केसांसाठी काही घेता?’ घेत होते, बायोटिनच्या गोळ्या, भाचीनं दिलेल्या. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. आठवडाभर बंद ठेवून परत रक्त दिलं, सगळं जागेवर. तूही केसांसाठी काही घेत असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग.

उलट्या बाजूचा, म्हणजे थायरॉइड जास्त झाल्याचा, स्वभावही घरात पाहिलाय. माझे थोरले दीर, शांत माणूस, एकाएकी तापट झाले. बशीत कप वाजायचा इतका हात थरथरे. भूक दुप्पट, वजन सहा महिन्यांत नऊ किलो खाली, रात्री झोप नाही. सगळे म्हणाले दुकानाचं टेन्शन. शेवटी छातीत धडधड वाढून दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, ग्रेव्ह्जचा आजार, थायरॉइड धो धो वाहतोय आणि हृदयाची लय बिघडलीय. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडला आवर घालणारी गोळी, सुरू झाल्यावर दोन महिन्यांत जुने भाऊजी परत आले. (ही गोळी घेणाऱ्यांनी ताप किंवा घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. विसरू नका.) गोळीचा डोस जास्त झाला तर तुलाही असंच व्हायचं, म्हणून ‘जरा वाढवून बघते’ हा प्रयोग नको. वर्षानुवर्षं जास्त डोस घेतला तर हाडंही ठिसूळ होतात.

आता सगळंच थायरॉइडवर ढकलू नकोस. बी-१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) एकदा करून घे. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि विसरणं, मुंग्या, थकवा त्यानंही येतो. टीएसएच नीट आल्यावरही काही जणांचं डोकं पूर्ण मोकळं होत नाही. तेव्हा झोप, घोरणं, मन, हे वेगळं बघावं लागतं. रडू येणं गोळीनं ओसरेल असं वाटतं, पण नकोसं वाटणं वाढलं, जगण्याबद्दल वेडेवाकडे विचार आले, तर आठ आठवडे थांबायचं नाही. डॉक्टरांना लगेच सांग, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी टीएसएच ठीक करून घे, आणि दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळव. डोस बहुधा पाव ते एक तृतीयांशानं वाढवावा लागतो. पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूला लागणारं हे संप्रेरक आईकडूनच जातं, त्याची स्वतःची ग्रंथी तोवर कामाला लागलेली नसते. बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचीही तपासणी करून घे. जन्मतः कमतरता असेल तर उपचार पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेले बरे, कारण बाळाचा मेंदू आपल्यासारखा थांबून राहत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. वाद घालू नकोस, त्यांचंही टीएसएच करून घे. बारा महिने शाल पांघरणं मला साधं वाटत नाही. पण सहा-सात आलं आणि टी-४ ठीक असलं तर लगेच गोळीची घाई नको. पासष्टीच्या पुढच्या ७३७ जणांवर अशाच किंचित कमतरतेसाठी गोळी देऊन पाहिली, २०१७ मध्ये निकाल छापून आले, तर थकव्यात वगैरे काही फरक पडला नव्हता. तेव्हा त्यांना फक्त थंडीच वाजत असेल, हेही शक्य आहे. कळलं म्हणजे निदान तुला त्यांच्याबद्दल ‘यांचा स्वभावच असा’ म्हणायचं की नाही, ते ठरवता येईल.