मंडळीतल्या पालकांसाठी सिनेमाचं परीक्षण कसं लिहावं?

इंदूरच्या तुमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या सिनेमांबद्दल लिहायला पास्टरसाहेबांनी सांगितलंय, तर काय लिहायचं, किती लिहायचं आणि 'बघा' किंवा 'बघू नका' असं सरळ सांगून टाकावं का, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: सांगू नका. पडद्यावर काय आहे ते नेमकं लिहा, निर्णय ज्याच्या त्याच्या घरावर सोडा. रविवारी एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घरांपैकी एकात दारूचा पेला दिसला की टीव्ही बंद होतो, दुसऱ्यात पंधरा वर्षांच्या मुलाला युद्धपट दाखवून जेवताना त्यावर बोलतात. खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका, हे पौल रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात सांगतो, ते इथेही लागू आहे. स्वतःचं मत द्यायचंच असेल तर शेवटी, वेगळ्या परिच्छेदात द्या.

पहिल्या ओळीत सर्टिफिकेट लिहा. २०२४ च्या नियमांनी यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. बऱ्याच पालकांना वाटतं, १६+ म्हणजे टॉकीजवाले धाकट्यांना दारातच अडवतील. तसं नाही. यूए ही पालकांना दिलेली सूचना आहे. अठराच्या आतल्यांना बंदी असते ती 'ए' सिनेमाला. ओटीटीची गोष्ट आणखी निराळी. तिथे सेन्सॉर बोर्ड नाही, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे वयाची वर्गवारी कंपनी स्वतःच करते. त्यामुळे टॉकीजच्या प्रतीतून कापलेलं दृश्य घरच्या टीव्हीवर दिसू शकतं. म्हणून तुम्ही कुठली प्रत पाहिली ते लिहाच. भाषाही लिहा. इंग्रजी सिनेमाच्या हिंदी डबिंगमध्ये शिव्या कधी सौम्य होतात, कधी मूळ वाक्यात नसलेला चावट विनोद घुसडलेला असतो.

पाहताना खिशातली छोटी डायरी पुरते. अंधारात मोबाईल उघडला तर मागचे ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मध्यंतरात आणि बाहेर पडल्यावर लगेच लिहून काढा. दुसऱ्या दिवसापर्यंत कुठलं दृश्य आधी नि कुठलं नंतर याचा घोळ होतो. हाणामारी, शारीरिक जवळीक, शिव्या, नशा आणि भीती, हे पाच प्रकार धरा. प्रत्येकाबद्दल कधी, किती वेळ, किती जवळून आणि त्याचं पुढे काय होतं, एवढं हवं. "थोडी हिंसा आहे" या वाक्याचा कुणाला काही उपयोग नाही. असं लिहा: "मध्यंतरानंतर साधारण वीस मिनिटांनी गोदामातली मारामारी, चारेक मिनिटांची. रक्त स्पष्ट दिसतं. मुलाच्या डोळ्यांदेखत बाप मारला जातो आणि कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावरून हलत नाही." आठ वर्षांच्या मुलीची आई हे वाचून क्षणात ठरवेल. पालकांना मजा किरकिरी झाल्याचं दुःख नसतं, त्यांना कळायला हवं असतं. तरी शेवटची कलाटणी सांगावी लागलीच तर आधी तशी ओळ टाका.

पण नुसती मोजदाद म्हणजे परीक्षण नव्हे, आणि ख्रिस्ती परीक्षणं बहुतेक इथेच फसतात. शिव्या किती, चुंबनं किती, झाला हिशेब! एकही शिवी नसलेला सिनेमा हुंड्यावर हसवतो, किंवा 'नाही' म्हणणाऱ्या मुलीच्या मागे लागणाऱ्याला नायक ठरवतो. त्याची नोंद या यादीत कुठेच येत नाही. उलट दावीद आणि बथशेबेची गोष्ट पाहा. २ शमुवेल ११ मध्ये व्यभिचार आहे, बथशेबेचा नवरा उरिया याचा घडवून आणलेला मृत्यू आहे, पण १२व्या अध्यायात संदेष्टा नाथान येऊन उभा राहतो आणि दावीदला त्याचं पाप तोंडावर सांगतो. सिनेमात नाथान येतो का, हे पाहा. पापाची किंमत कोण मोजतं? सिनेमा कुणाच्या बाजूने टाळ्या मागतो? दयाळू माणसाला तो बावळट तर ठरवत नाही ना? फिलिप्पैकरांस ४:८ मध्ये सत्य, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय अशी यादी आहे. त्यात सत्य पहिलं आहे, गोग्गोड नाही.

धर्माच्या बाबतीत जपून लिहा. नायिकेने आरती केली म्हणून 'आत्मिक धोका' असा शिक्का मारू नका. आपण ज्या शहरात राहतो त्याचं ते साधं चित्रण आहे, आणि तुमचा मेसेज फॉरवर्ड होत शेजाऱ्यांकडेही जाणार. मंत्र-तंत्र, प्लँचेट, काळी जादू यांचं आकर्षण दाखवलं असेल तर ते वेगळं, ते जरूर लिहा. ख्रिस्ती पात्रं कशी रंगवलीत, इकडे मात्र बारीक लक्ष द्या. हिंदी सिनेमातला दारुडा अंकल जुना झाला, पण चुका चालूच असतात. कबुलीजबाबात ऐकलेलं गुपित फादर पोलिसांना सांगताना दिसला, तर कॅथलिक धर्मगुरूला तशी मुळीच मुभा नाही, हे एका ओळीत नोंदवा. भूतपटात कुणीही उठून भूत उतरवतो. कॅथलिक कायद्याच्या ११७२व्या कलमाप्रमाणे त्यासाठी बिशपची स्पष्ट परवानगी लागते.

बायबलवरचे सिनेमेही सवलतीत सोडू नका. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी, तीनच होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. मग्दालिया मरीयेला सिनेमावाले सर्रास वेश्या दाखवतात; लूक ८:२ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच आहे. असल्या जागा दाखवून दिल्यात तर संडे स्कूलच्या शिक्षकांचं काम हलकं होईल. आणि अभिनय वाईट असेल तर वाईटच म्हणा, विषय पवित्र आहे म्हणून गुण वाढवू नका.

गाण्यांसाठी दोन ओळी ठेवा, कारण सिनेमा न पाहताही मुलं रील्समधून ती पाठ करतात. आयटम साँग असेल तर शब्द कसे आहेत ते सांगा.

घरी पाहणाऱ्यांसाठी अधूनमधून लॉकची आठवण द्या. मुलांचं वेगळं प्रोफाईल करून पालक निर्धास्त होतात, पण आईबाबांच्या आणि आजोबांच्या प्रोफाईलला पिन नसतो. मूल सरळ तिकडे जातं. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाईलला चार आकडी पिन लावता येतो, एखादं नाव त्या प्रोफाईलपुरतं बंद करता येतं. ऑटोप्लेही बंद करायला सांगा, नाहीतर एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो.

अडीचशे-तीनशे शब्दांच्या पुढे जाऊ नका, ग्रुपवर कोणी वाचत नाही. सिनेमा शुक्रवारी लागतो. उपासनेनंतर दुपारच्या खेळाला जाणारी घरं धरली तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मेसेज पडायला हवा. मराठी सिनेमाला तर आणखी घाई करा, इंदुरात त्याचे खेळ मोजकेच असतात.