आधी एकच चेहरा, पण नीट

भावा, उद्यमनगरातल्या वर्कशॉपला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, टाकून देतोयस, झकास. पण पहिल्याच दिवशी स्क्रीनच्या रूपाच्या पाच थीम दाखवून ‘कुठली पाहिजे?’ असं विचारू नकोस. मी एका ऑफिसात तेच केलं होतं. हिशेब बघणाऱ्या मावशी माऊस धरून नुसत्या बघत राहिल्या. त्यांना बिल काढायचं होतं.

बहुतेक लोक डिफॉल्ट, म्हणजे आधीच लावून दिलेली मांडणी, कधीच बदलत नाहीत, म्हणून तिथंच जीव ओत. खाली उघड्या खिडक्यांची पट्टी, डावीकडं मेनू, अक्षर मोठं. मराठी फाँटात ‘क्ष’ आणि ‘ऱ्या’ नीट दिसतात का, ते त्यांच्याच मॉनिटरवर बघ, तुझ्या लॅपटॉपवर नको.

पर्याय मात्र काढून टाकू नकोस. २०११ मध्ये ग्नोम ३ हा लिनक्सचा नव्या मांडणीचा डेस्कटॉप आला, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं युनिटी हा आणखी वेगळा डेस्कटॉप डिफॉल्ट केला, आणि जुन्या मांडणीची सवय असलेले किती जण दुखावले! माटे आणि सिनॅमन हे जुन्या वळणाचे डेस्कटॉप त्याच नाराजीतून उभे राहिले. मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानं १९.१ आवृत्तीत स्वागताच्या खिडकीतच मांडणी पारंपरिक की आधुनिक, एवढंच विचारलं. मला ही रीत फार पटते.

महिन्याभरानं एक चक्कर टाक. कुणी आपणहून अंबाबाईचा फोटो वॉलपेपरला लावला असेल, तर त्याला पट्टी हलवायची कशी ते दाखव.