पडलेल्या जुन्या वाड्याच्या जागेत मेटल डिटेक्टरने नाणी-दागिने सापडतात का? सुरुवात कुठून करावी?

जुन्या नाशकातला वडिलोपार्जित वाडा पावसात बसला, जागा लवकरच बिल्डरच्या ताब्यात जाणार, त्याआधी मशीन फिरवण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. अर्थ आहे. फक्त मोहरांच्या हंड्याची आशा धरू नका. वाड्यात सापडतं ते बहुतेक हरवलेलं: मोरीत गेलेलं जोडवं, फरशीच्या फटीत अडकलेला सोन्याचा मणी, ओसरीवरून घरंगळलेली शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. शोध त्याच हिशेबाने घ्यायचा.

आधी कागद. वाडा एकाच्या नावावर क्वचितच असतो, त्यामुळे मालमत्ता पत्रकावर जितकी नावं तितक्यांची लेखी संमती घ्या. भाडेकरूंचा ताबा असेल तर त्यांनाही सांगा. दुसरं, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय, किती, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शोधणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धन बेवारस ठरलं आणि सरकारने ते विकत घेतलं नाही, तर आधी करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा मिळतो. म्हणून मशीन दुसरा कोणी चालवणार असेल तर वाटणी आधीच लिहून ठेवा. पांडवलेणी किंवा गोदाकाठची जुनी मातीची गढी अशा संरक्षित जागी मशीन न्यायचंच नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं, तुमचा वाडा त्यात येतो का हेही खोदण्याआधी तपासा.

आता मशीन. नाशिकची जमीन बेसॉल्टची, म्हणजे लोहखनिजाने भरलेली. स्वस्तातलं, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजाचा आवाज वजा करायची सोय) नसलेलं मशीन इथे नुसतं कुरकुरत राहतं. हाताने ग्राउंड बॅलन्स करता येणारं मशीन घ्या, एकाच वेळी अनेक लहरींवर चालणारं मल्टी-फ्रिक्वेन्सी परवडलं तर उत्तम. कॉइल, म्हणजे काठीच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची तबकडी, डीडी प्रकारची (आत इंग्रजी डीच्या आकाराची दोन वेटोळी असलेली), आणि मोठीच्या मोहात न पडता पाच-सहा इंची. मोठी कॉइल खोल बघते खरी, पण वाड्याच्या जागेत एका झोताखाली दहा खिळे येतात आणि सगळा गोंधळ होतो. सोबत पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र, हवाच. तांब्याची काठी फिरवून लांबून सोनं दाखवतो म्हणणाऱ्यांना आणि गुप्तधनाचे विधी सांगणाऱ्यांना दारात उभं करू नका. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत.

ग्राउंड बॅलन्ससाठी धातू नसलेली हातभर जागा शोधा. कॉइल फूटभर उचलायची, जमिनीपासून दोन बोटांपर्यंत खाली आणायची, आणि आवाज वर-खाली होणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. काळ्या मातीवरून विटांच्या चुऱ्यावर गेलात की पुन्हा करा, कारण भाजलेल्या विटेचं वागणं वेगळं. जोत्याचे काळे दगडही खोटा आवाज देतात. तो पसरट असतो आणि कॉइल चार बोटं उचलली की विरतो. शंका आली तर दगड बाजूला सरकवा, आवाजही त्याच्याबरोबर सरकेल. पायात लोखंडी टोपीचे बूट नकोत, मोबाइल खिशात नको. वरून विजेच्या तारा जात असतील तर सेन्सिटिव्हिटी कमी करा.

खरी अडचण खिळ्यांची. सागवानी तुळयांचे जुने घडीव खिळे गंजून मातीत उतरलेले असतात. अशा खिळ्याशेजारी चांदीचं नाणं पडलं असेल आणि डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय) चढवलेलं असेल, तर मशीन खिळा दाबतं आणि नाणंही त्याबरोबर गिळतं. म्हणून लोखंड पूर्ण बंद करू नका, त्याला खालचा आवाज राहू द्या. कॉइल सावकाश, जमिनीला समांतर, आधीचा अर्धा पट्टा झाकत फिरवा. लोखंडाच्या गुरगुरीत मध्येच एक बारीक चढा सूर आला, तर त्याच जागेभोवती काटकोनात फिरून पुन्हा घ्या. दोन्ही दिशांनी चढा सूर टिकला तर खणा. एकाच बाजूने येत असेल तर बहुधा वाकलेला खिळा आहे, तरी खिळे काढून टाकून पुन्हा ऐका. खालचं नाणं तेव्हा बोलतं.

स्क्रीनवरचे आकडे मशीनगणिक बदलतात. म्हणून घरीच मातीवर चांदीचं पैंजण, तांब्याचा पाव आणा, २२ कॅरटची अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी ठेवून आवाज कानात बसवा. चांदी-तांबं वर जातं, अंगठी मधे आणि बारीक मणी तर अगदी खाली, जिथे ती औषधाची पट्टीही येते. सोनं हवं असेल तर हा ॲल्युमिनियमचा कचरा उचलावाच लागतो, पळवाट नाही. बारीक कड्यांची साखळी तर मशीनला एक दागिना म्हणून दिसतच नाही, फार तर फासा ऐकू येतो. खनिजाच्या मातीत शिवराईएवढं नाणं वीतभर खोलीच्या आतच धरा.

जागा निवडताना वाडा डोळ्यांसमोर उभा करा. पहिला मान न्हाणी आणि मोरीच्या बाहेर पडणाऱ्या नाल्याचा. साबणाच्या हातातून निसटलेलं सगळं तिथल्या गाळात जातं. तो गाळ सुकवून बारीक चाळणीने चाळा, मणी चाळणीतच मिळतात. मग आडाची कड, कपडे वाळत घालायची परसातली जागा, जात्याभोवतालचा भाग, ओट्याच्या पायऱ्यांचं बूड. मुद्दाम ठेवलेलं असेल तर कोनाड्याच्या मागे, बळदाच्या (धान्य साठवायच्या कोठाराच्या) तळाशी किंवा उंबरठ्याखाली. पडलेल्या भिंतींचा ढिगारा फेकून देऊ नका. भिंतीतली आणि धाब्याच्या छपरावरची पांढरी माती बऱ्याचदा जुन्या वस्तीच्या टेकाडावरून आणलेली असे, तिच्यातून वाड्याहून कितीतरी जुनं नाणं निघू शकतं. ती माती चार बोटं जाड पसरा, मशीन फिरवा, मग पुढचा थर. जेसीबी त्यानंतर.

आग्नेय कोपऱ्यात लहानशी धातूची प्रतिमा किंवा पायात तांब्याचा कलश निघाला, तर तो वास्तुशांतीचा किंवा पायाभरणीचा निक्षेप, म्हणजे विधीने पुरलेली ठेव आहे. त्याचं काय करायचं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवा.

उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंतीच्या बुडाशी खणू नका, पावसाने फुगलेली भिंत न सांगता कोसळते. बुजवलेल्या आडावर पाय देण्याआधी पहार टोचून बघा. ढिगाऱ्यात विंचू असतात, हात थेट घालू नका. खापरांचा दाट थर लागला तर थांबा. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी केलेल्या उत्खननाने या गावाखाली किती जुनी वस्ती आहे ते दाखवलंय. असा थर लागला की पुढचं काम पुरातत्त्व खात्याचं.

सापडलेलं नाणं चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर गेला की अक्षरंही जातात आणि किंमतही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, माती आपोआप सुटू द्या. जागा आणि खोली लिहून फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ओळख पटवायला अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था जवळच आहे, नाणं न घासता तसंच तिथे दाखवा.