'देवाचा डोंगर' की 'पवित्र डोंगर'?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नावाहो लोकांच्या माउंट टेलर या डोंगराविषयी चौथीच्या मुलांसाठी मराठीत लिहायचे आहे. त्याला 'देवाचा डोंगर' म्हटले तर चालेल का? आणि त्याचे मूळ नाव देवनागरीत कसे लिहावे?

'देवाचा डोंगर' टाळावे. हे शब्द कानावर पडले की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे पायऱ्या, वर देऊळ आणि खाली नारळाची दुकाने येतात. न्यू मेक्सिकोतल्या या डोंगरावर तसले काही नाही. नावाहोंच्या दृष्टीने डोंगर स्वतःच जिवंत आहे; त्याला उद्देशून प्रार्थना करतात, त्याची गाणी म्हणतात. तेव्हा 'पवित्र डोंगर' म्हणावे आणि का पवित्र, ते लगेच सांगावे. नुसत्या 'पवित्र' या शब्दातून नऊ वर्षांच्या मुलाला फारसे काही कळत नाही.

सांगण्यासारखे खूप आहे. नावाहोंची भूमी चार पवित्र डोंगरांच्या मध्ये वसली आहे, प्रत्येक दिशेला एक. पूर्वेचा पांढऱ्या शिंपल्याचा, दक्षिणेचा पिरोजा या निळसर रत्नाचा, पश्चिमेचा पिवळसर झाक असलेल्या शिंपल्याचा, उत्तरेचा काळ्या दगडाचा. माउंट टेलर हा दक्षिणेचा. नावाहोंच्या उत्पत्तिकथेप्रमाणे आदिपुरुष आणि आदिस्त्री यांनी या जगाच्या आधीच्या जगातून आणलेल्या मातीचे हे डोंगर केले. दक्षिणेचा डोंगर दगडी सुरीने जमिनीला खिळवला आणि पिरोजाने सजवला, अशी कथा आहे. हा तपशील मुलांच्या गोष्टीत हवाच. नावाहोंच्या पारंपरिक घराला होगन म्हणतात, त्याचे दार पूर्वेला असते. चार डोंगर हे आपल्या भूमीरूपी होगनचे खांब, असे नावाहो स्वतः सांगतात.

एक प्रसंगही घ्यावा. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नावाहोंना घराबाहेर काढून शेकडो किलोमीटर पायी चालवत बॉस्के रेदोंदोच्या छावणीत नेले. १८६८ च्या करारानंतर ते परत निघाले. वाटेत दुरून डोंगराचा माथा दिसला तेव्हा 'हा आपलाच डोंगर का?' असे वाटले, आणि जमिनीवर इतका जीव की तिच्याशीच बोलावेसे वाटले, अशी आठवण त्यांचे पुढारी मॅन्युएलितो यांनी सांगितली आहे. पवित्र म्हणजे काय, ते मुलांना व्याख्येपेक्षा इथे जास्त समजेल.

आता नाव. 'टेलर' हे १८४९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांच्यावरून दिलेले. नावाहो नाव मी 'त्सोद्झिल' असे लिहीन. पहिले अक्षर 'चोर'मधल्या चो सारखे, पण लांबवून. पुढचा 'द्झि' मात्र अवघड, कारण मराठीत ज ला इकार लागला की तो 'जिल्हा'मधला होतो. इथे 'जुना'मधला ज घ्यायचा आणि त्याला इकार द्यायचा. शेवटचा ल आपल्याकडे नाही: जीभ ल च्या जागी ठेवून आवाज न करता नुसती हवा सोडायची. मुलांना हे करून बघायला सांगा. 'द्झिल' म्हणजेच डोंगर, म्हणून 'त्सोद्झिल डोंगर' अशी द्विरुक्ती नको.

'नवाजो' हे रूप छापील मजकुरात दिसते, पण तिथला ज स्पॅनिश वळणाने 'ह' होतो, 'नावाहो' बरोबर. ते स्वतःला 'दिने' म्हणतात, म्हणजे लोक. 'रेड इंडियन' तर अजिबात लिहू नये.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. 'ते या डोंगराला पवित्र मानत असत' असे सहज लिहिले जाते. नावाहो आज आहेत, त्यांची नोंदणीकृत संख्या ४ लाखांच्या आसपास आहे आणि ते तो डोंगर आजही पवित्र मानतात. 'मानतात' हेच लिहा.

शीर्षकात 'नावाहोंचा डोंगर' असे लिहिण्याआधी एक विचार करा. अकोमा, लगुना, झुनी आणि होपी या आसपासच्या इतर मूळनिवासी लोकांनाही हा डोंगर पवित्र आहे. २००९ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने त्याला पारंपरिक सांस्कृतिक स्थळाचा दर्जा दिला, तो या सगळ्यांनी मिळून मागितला होता. 'नावाहोंना पवित्र असलेला डोंगर' हे थोडे लांबते, पण खरे तेच आहे.