फिस्टुला कोण करणार, हे आधी विचारा

खानापूरचे दादा, वडिलांचा मनगटातला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बंद पडला, आता कोपराजवळ करायचाय, तर जवळच्याच दवाखान्यात करावा की बेळगाव-कोल्हापूर गाठावं, हा तुमचा प्रश्न वाचला. आमच्या सासूबाईंचं हुबेहूब हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून जे कळलं ते लिहिते. फिस्टुला का हवा, हे तुम्हाला सांगायला नको.

अंतराचं नंतर बघा. आधी विचारा, टाके कोण घालणार आणि ते महिन्याला असे किती फिस्टुला करतात? नुसत्या वर्षांवर जाऊ नका. वीस वर्षं पोटाची ऑपरेशनं करणारे नामांकित सर्जन फिस्टुला कधीमधी करत असतील, तर मी दर आठवड्याला करणाऱ्या तरुण डॉक्टरकडे जाईन. दोन-अडीच मिलिमीटरची शीर, केसासारखा धागा. जरा चुकलं की रक्त गोठलंच. शिवाय कुठल्या शिरेला हातच लावायचा नाही, हेही सरावानेच कळतं.

हे माझ्या मनचं नाही. २००८ साली अनेक देशांतल्या डायलिसिस पेशंटांवरचा एक अभ्यास छापून आला. शिकत असताना किमान २५ फिस्टुला केलेल्या सर्जनांच्या हातचा फिस्टुला सुरुवातीलाच निकामी होण्याचा धोका त्यात ३४ टक्क्यांनी कमी निघाला. पोटातल्या महाधमनीच्या फुग्याच्या ऑपरेशनाबद्दल अमेरिकेत २००३ साली असंच दिसलं होतं. जास्त ऑपरेशनं होणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यू कमी, पण त्यातला निम्म्याहून जास्त फरक सर्जनच्या स्वतःच्या सरावाचा. तेव्हा बिल्डिंग बघून भुलू नका. अर्थात ही सरासरी झाली. वडिलांच्या शिरा कशा आहेत ते डॉपलरमध्येच, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीतच कळेल.

आमचं खरं नुकसान केलं ते एका हॉस्पिटलच्या काउंटरने. नाव घेत नाही. "सर्जन कोण?" तर "बाहेरून येतात." "कोण येतात?" तर "येतील ते. योजनेत बसतंय की, मग तुमचं काय अडलंय?" फॉर्म सगळे कन्नडात, सही इथे करा, झालं! हात तपासला एकाने, ऑपरेशनला आले दुसरेच, आणि डॉपलर कुणीच केला नाही. टाके निघायच्या आत हाताला लागणारी थरथर गेली, म्हणजे फिस्टुला बंद पडला. विचारायला गेलो तर "पेशंटची शीरच बारीक." मग आधी कुणी बघितली का नाही? तोवर मानेतला कॅथेटर (डायलिसिसची नळी) तसाच. त्यातून जंतुसंसर्ग झाला, डायलिसिसला बसल्या की हुडहुडी भरून ताप. पैशाचं सोडा, त्या तापात त्या खचल्या त्या खचल्याच.

खरी माहिती डायलिसिस टेक्निशियनकडे असते. सुया तेच टोचतात, त्यामुळे कुणाचा फिस्टुला चालतो हे त्यांना पाठ असतं. चारचौघांत विचारलंत तर बोलणार नाहीत, चहाला न्या. आम्हाला दुसऱ्या सर्जनचं नाव तिथूनच कळलं आणि दंडातला फिस्टुला अजून चालतोय. माझं मत विचाराल तर ऑपरेशनसाठी लांब जा, डायलिसिस जवळ ठेवा. फक्त थरथर थांबली तर त्याच दिवशी कुणाकडे धावायचं, ते आधी विचारून ठेवा.

योजनेचं म्हणाल तर कर्नाटक सरकारच्या आरोग्य कर्नाटक योजनेसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल आधी घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना लागू केली. तुमचं गाव यादीत आहे का, आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे कोल्हापूरच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) फोनवर विचारा, मगच गाडी काढा.

आणि ज्या हातावर करायचं ठरेल त्यावर आतापासून सलाईन नको, रक्त काढणं नको, बीपीचा पट्टाही नको. नर्स घाईत विसरतात. आम्ही सासूबाईंच्या हातावर पेनने मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत लिहून ठेवायचो.